पॅसिफिक नॉर्थवेस्टमधील बागकाम व उद्यानरचना

अमेरिकेतील ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांचा कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेकडील पट्टा आणि त्याला लागून असलेला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाचा नैर्ऋत्य कोपरा, एवढ्या प्रदेशात रूढ झालेली बागकामाची पद्धत. समुद्र जवळ असल्याने हिवाळा सौम्य असतो आणि उन्हाळा सहसा कडक नसतो. हा प्रदेश रिपरिप पावसासाठी प्रसिद्ध असला, तरी इथल्या बागेची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. सिॲटलमध्ये वर्षाला सुमारे १,००० मिमी पाऊस पडतो. त्यातला तीन चतुर्थांशांहून अधिक ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. जुलैच्या वाट्याला सरासरी २० मिमीही येत नाही. झाडांना पाणी हवे तेव्हा आभाळ कोरडे आणि पाणी मुबलक तेव्हा झाडे निद्रिस्त, हा उफराटा हिशेब इथल्या बहुतेक रीतींच्या मुळाशी आहे.

पाऊसही सगळीकडे सारखा नाही. ऑलिंपिक पर्वताच्या पश्चिमेस होह नदीच्या खोऱ्यात वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच पर्वताच्या पर्जन्यछायेतील सेक्विम येथे जेमतेम ४०० मिमी; तिथे लव्हेंडरची शेते आहेत. सिॲटलभोवतीच्या प्युजेट साउंड या खाडीच्या भागातील जमीन हिमनद्यांनी घडवली. बर्फाच्या भाराने दाबला गेलेला दगडगोट्यांचा घट्ट थर अनेक ठिकाणी मातीखाली थोड्याच खोलीवर लागतो. हिवाळ्यात पाणी त्याच्यावर तुंबते आणि उन्हाळ्यात वरची पातळ माती झपाट्याने सुकते. पावसाने चुन्याचा अंश धुऊन गेल्याने माती आम्लधर्मी असते. रोडोडेंड्रॉन, कॅमेलिया, ब्लूबेरी यांना ती मानवते. भाजीच्या वाफ्यात मात्र चुना मिसळावा लागतो.

इथल्या बागकामाचा इतिहास युरोपीय वसाहतींपासून सुरू करण्याची सवय चुकीची आहे. व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकावरील गॅरी ओक या देशी वृक्षांची कुरणे तिथल्या कोस्ट सॅलिश या मूळ रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली होती. निळ्या फुलांच्या कॅमास या वनस्पतीचे कंद हे त्यांचे महत्त्वाचे अन्न. कुरणे ठरावीक काळाने जाळून झुडपे व रोपटी हटवली जात. विषारी कॅमासचे कंद दिसायला खाण्याच्या कंदांसारखेच असतात, पण फुले फिकट पिवळसर पांढरी. म्हणून बहराच्या दिवसांतच ती विषारी रोपे वेचून उपटत. १८४३ मध्ये हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीने तिथे किल्ला बांधला, तेव्हा आलेल्यांना ही निगराणीतली भूमी निसर्गाची देणगी वाटली. कॅनडातील अशा कुरणांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी आज मूळ स्थितीच्या जवळपास उरली आहेत.

वसाहतकारांनी आपल्याकडची झाडे आणली. १८५० च्या सुमारास व्हँकुव्हर बेटावरील सूक येथे कॅप्टन वॉल्टर कहून ग्रँट यांनी पेरलेल्या स्कॉच ब्रूमच्या बियांतून तीनच झुडपे जगली, असे सांगतात. आज ते पिवळे झुडूप या बेटावरील ओक-कुरणांचा मोठा शत्रू आहे. इंग्लिश आयव्ही झाडांवर चढून त्यांना जेरीस आणते. ओरेगनने २०१० मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. ‘हिमालयन’ ब्लॅकबेरीचा हिमालयाशी काही संबंध नाही, ती कॉकेशसकडची; तिचे काटेरी जाळे उपसण्यात इथल्या स्वयंसेवकांचे कित्येक शनिवार जातात.

परक्या झाडांचे सगळेच प्रयोग असे अंगाशी आले नाहीत. त्याच बेटावरील व्हिक्टोरिया शहराजवळ जेनी बुचार्ट यांनी पतीच्या सिमेंट कारखान्याच्या संपलेल्या चुनखडीच्या खाणीत माती भरून १९२१ पर्यंत खोलगट बाग उभी केली. ती डोळे दिपवते, पण फुलांच्या ताटव्यांची ही शैली या हवामानातून उगवलेली नाही.

त्या दृष्टीने जपानी परंपरेचा प्रभाव अधिक खोल आहे. शेवाळ, दगड, पाणी आणि सदाहरित वृक्ष हा तिचा ऐवज इथे आयता होता. जपानहून आलेले बागकार फुजितारो कुबोता यांनी १९२७ मध्ये सिॲटलच्या दक्षिण भागातील दलदलीची जागा घेऊन बाग घडवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांबरोबर त्यांनाही आयडाहोतील मिनिडोका छावणीत डांबले गेले. बाग चार वर्षे ओस पडली. परतल्यावर त्यांनी ती पुन्हा उभारली आणि १९८७ मध्ये शहराने ती विकत घेतली. सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावरील ब्लोडेल रिझर्व्ह या बागा व जंगलाच्या परिसरातील जपानी बागही त्यांचीच. लाकूड व्यवसायातल्या संपत्तीवर उभ्या राहिलेल्या त्या परिसरात तुटलेल्या जंगलाचे बुंधे शेवाळाने मढलेले दिसतात, हा योगायोग नजरेआड करता येत नाही.

सार्वजनिक जागांत ओल्मस्टेड ब्रदर्स या उद्यानरचनाकारांचा सिॲटलच्या उद्यानांसाठीचा १९०३ चा आराखडा पायाभूत ठरला. दूरचे शिखर किंवा जलाशय बागेच्या चौकटीत आणणे ही त्यातील दृष्टी वॉशिंग्टन विद्यापीठात रेनियर शिखराकडे रोखलेल्या रेनियर व्हिस्टा या मोकळ्या पट्ट्यात स्पष्ट दिसते.

रोजच्या बागकामात लागवडीचा मुख्य हंगाम शरद ऋतू हाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माती अजून उबदार असते, पाऊस तोंडावर असतो आणि पुढच्या उन्हाळ्याआधी मुळे खोल जातात. वसंतात रोपवाटिकांत गर्दी उसळते खरी, पण तेव्हा लावलेल्या रोपांना पहिला उन्हाळा पाणी घालूनच जगवावे लागते. लाकडाच्या ढलप्यांचे जाड आच्छादन आणि ऑगस्टमध्ये हिरवळ खुशाल पिवळी पडू देणे, हेही आता सर्वमान्य झाले आहे. देशी झाडांत सावलीसाठी स्वोर्ड फर्न हा नेचा, सलाल व ओरेगन ग्रेप ही झुडपे. अर्धवट सावलीसाठी व्हाइन मेपल. लाल फुलांचे करंट हे झुडूप मार्चच्या आसपास बहरते, रूफस हमिंगबर्ड हे चिमुकले पक्षी दक्षिणेकडून परततात त्याच सुमारास.

शहरांत पावसाळी पाण्याचा प्रश्न बागेनेच सोडवण्याचे प्रयत्न झाले. सिॲटलच्या एका निवासी रस्त्यावर २००१ मध्ये डांबरी पट्टा अरुंद व नागमोडी करून दोन्ही बाजूंना झाडे लावलेले उथळ चर खोदले. वाहून जाणारे पाणी सुमारे ९९ टक्क्यांनी घटले. टायरच्या झिजेतून येऊन पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाणारे ६पीपीडी-क्विनोन हे रसायन कोहो सॅमन माशांना मारते, हे २०२० मध्ये उघड झाल्यावर अशा चरांचे महत्त्व आणखी वाढले, कारण त्यांतील मातीतून गाळलेले पाणी माशांना मारक ठरत नाही.

जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत सिॲटलमध्ये ४२ आणि पोर्टलंडमध्ये जवळपास ४७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. सूचिपर्णी वृक्षांची उन्हाकडची बाजू करपली. या प्रदेशाची ओळख असलेला वेस्टर्न रेड सीडर अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांनी सखल भागांत सुकू लागला आहे. त्याच्या जागी काय लावावे याबद्दल एकमत नाही. काही जण दक्षिण ओरेगन व उत्तर कॅलिफोर्नियातील मँझनिटासारख्या काटक झुडपांकडे वळले आहेत, तर काहींच्या मते स्थानिक गॅरी ओकच अधिक प्रमाणात लावणे शहाणपणाचे आहे.