दातदुखीवरील घरगुती उतारे (सोलापूर)

दातदुखीवरील घरगुती उतारे : दातांच्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत ठणका सोसवावा म्हणून घरी केले जाणारे उपाय. ‘उतारा’ हा शब्द येथे नेमका बसतो, कारण कळ उतरते पण दाढ बरी होत नाही. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरे भिंतीला भिंत लावून राहतात. त्यामुळे हे दुखणे ‘दाढ ठणकते’, ‘हल्लु नोवु’ आणि ‘पंटि नोप्पि’ अशा तीन बोलींत ऐकू येते. डब्यातून पहिली निघते ती मात्र तिन्ही घरांत लवंगच, आणि तिचे नावही तिन्ही भाषांत जवळपास सारखेच आहे.

दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. बोलताना त्यालाच ‘नस’ म्हणतात. कीड तिथवर पोचली की गर सुजतो. भोवतीच्या भिंती टणक असल्यामुळे सुजेला पसरायला जागा मिळत नाही आणि आतला दाब वाढत जातो. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसभर कुरकुरणारी दाढ रात्री उभी ठणकते. उशाला एक उशी जास्त घेणे हा साधा उपाय आहे. तो फारसे कोणी सांगत नाही, पण गुणाचा आहे. माठाचे पाणी लागून आलेली सळ क्षणात विरली, तर गर बहुधा वाचण्याजोगा असतो. गरम चहाने उठलेली कळ बराच वेळ रेंगाळत असेल, तर बहुतेक वेळा रूट कॅनॉल करावे लागते किंवा दाढ काढावी लागते.

लवंगेच्या तेलात मुख्यत्वे युजेनॉल असते आणि ते तेवढ्यापुरती जागा बधिर करते. कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब घेऊन बोळा किडीच्या खड्ड्यात ठेवतात. नुसते तेल हिरडीवर चोळले तर हिरडी भाजते. लहान मुलांना तर ते लावूच नये. अख्खी लवंग दाढेखाली हळू दाबून धरली तरी चालते. दंतवैद्यही झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून तात्पुरते सिमेंट भरतात. दवाखान्यात शिरताच लवंगेचा वास येतो, त्याचे एक कारण हेच.

तरीही लवंगेच्या आधी चूळ भरावी. शेंगा चटणीच्या गावात खड्ड्यात अडकलेला दाण्याचा कण हेच कधी कधी निम्मे दुखणे असते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात आणि फटीतून हलक्या हाताने दोरा फिरवावा. पिन किंवा सुई घालून टोकरू नये. गाल सुजला असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ बाहेरून दहा-पंधरा मिनिटे धरावा. तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक आजी-आजोबांच्या काळापासून चालत आला असला, तरी पू झालेल्या जागी तो टाळलेला बरा.

गोळ्यांत पॅरासिटामॉल सर्वांत निर्धोक. प्रौढाने चार ते सहा तासांच्या अंतराने घ्यावी आणि २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सूज ओढणारी आयबुप्रोफेन दातावर अधिक लागू पडते. मात्र ती जेवणानंतरच घ्यावी. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर घेऊ नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीपाशी दाबून ठेवल्याने हिरडी पांढरी पडते. मेडिकलमधून मनाने आणलेले प्रतिजैविक गराच्या ठणक्यावर काम करत नाही.

दुखऱ्या दाताला मिशरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावण्याची सवय वेगळी नोंदवायला हवी. विड्या वळणाऱ्या वस्त्यांत तंबाखू हाताशीच असतो आणि बारीकशी झिंगही येते. दात दुखला म्हणून लावलेली मिशरी मग दात दुखायचा थांबला तरी सुटत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते.

भुईरिंगणी या काटेरी रोपाच्या बियांची धुरी घेऊन दाढेतले किडे पाडण्याची रीत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ हा दंतरोग सांगितला आहे. फ्रान्समध्ये दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ मध्ये दातातल्या किड्याची कल्पना नाकारली, आणि १८९० मध्ये अमेरिकी दंतवैद्य मिलर यांनी तोंडातले जंतू पिठूळ-गोड कणांपासून आम्ल करतात व त्या आम्लाने दात झिजतो, असे मांडले. ‘दात किडला’ हा आपला शब्दप्रयोग मात्र किड्याला धरूनच राहिला आहे.

उताऱ्यांपेक्षा फसवा प्रकार म्हणजे ठणका आपोआप थांबणे. चार रात्री जागवणारी दाढ पाचव्या दिवशी गप्प होते, आणि घेतलेली वेळ रद्द केली जाते. प्रत्यक्षात आतला गर मेलेला असतो आणि संसर्ग मुळाच्या टोकाशी उतरत असतो. पुढे हिरडीवर पुवाची पुटकुळी येते किंवा गाल फुगतो. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेत उतरणे, तोंड न उघडणे, थुंकी गिळता न येणे, श्वास जड होणे, ताप चढणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता सिव्हिल हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठावा. छातीत दडपण, घाम आणि त्याबरोबर खालचा जबडा दुखत असेल, तर ते दुखणे दाताचे नसून हृदयाचे असू शकते.

डॉक्टरांकडे जाईपर्यंतच्या एक-दोन दिवसांत दुसऱ्या बाजूने चावावे. सोलापूरची कडक ज्वारीची भाकरी अशा दाढेची परीक्षाच पाहते. ती आमटीत किंवा ताकात कुस्करून पुरती भिजू द्यावी. चटणी त्यातच कालवावी, पण आधी दाणे बारीक कुटून.