पोटात गेलेला आवाज जिरतो कुठे?

सोनोग्राफीच्या टेबलावर आडवा झालेला माणूस हमखास विचारतो, "या किरणांचा त्रास नाही ना होणार?" किरण नाहीतच ते, आवाज आहे. फक्त कानाच्या आवाक्याबाहेरचा. पोट तपासताना साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनं. मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. आत गेलेल्या आवाजातला नाममात्रच परत येतो. बाकीचा जातो कुठे?

काही विखुरतो, काही अवयवांच्या कडांवरून उलटतो आणि त्यावर चित्र बनतं. पण मऊ ऊतींमध्ये बहुतेक आवाज जिरतो तो उष्णता होऊन. लहर आली की ऊती दाबली जाते, मग सैलावते. ५ मेगाहर्ट्झला हे सगळं ०.२ मायक्रोसेकंदात उरकतं. दाबाखाली प्रथिनांच्या अवजड रेणूंची ठेवण किंचित बदलते आणि ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो. रेणू सावरतोय तोवर पुढचा दाब हजर! लहरीनं दिलेली ऊर्जा तिला पुरती परत मिळत नाही. अडकलेली तेवढी उष्णता. एकाच जातीचे रेणू असते तर हे जिरणं आधी वारंवारतेच्या (सेकंदाला किती कंपनं) वर्गानुसार, म्हणजे दुपटीला चौपट, वाढून पुढे थबकलं असतं. पण ऊतीत नाना तऱ्हेचे रेणू, प्रत्येकाला सावरायला लागणारा वेळ निराळा. सगळ्यांची बेरीज जवळपास सरळ रेषेत येते: दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल. (दहा डेसिबल गेले की ऊर्जेचा दहावा हिस्सा उरतो.)

आता १० सेंटीमीटर खोलवरचं बघायचंय. जाऊन-येऊन २०. ५ मेगाहर्ट्झला ५० डेसिबल गेले, उरला एक लाखावा हिस्सा. १० मेगाहर्ट्झला १०० डेसिबल, म्हणजे हजार कोटींत एक. त्यामुळे 'जास्त मेगाहर्ट्झ म्हणजे भारी मशीन' हे खरं नाही. बारकावे वाढतात, पोहोच घटते. थायरॉइडला चालतं, यकृताला नाही.

'अमुक स्वरानं पेशी दुरुस्त होतात' म्हणणाऱ्यांनी हवेचंही बघावं. हवेतून त्वचेवर आदळलेल्या आवाजाची ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा तिथूनच माघारी फिरते. पोटावर ते गार जेल चोपडतात ते मधली हवा घालवायला.

उशिरा, म्हणजे खोलवरून आलेला प्रतिध्वनी मशीन जास्त वाढवून दाखवतं. मूत्राशयातल्या द्रवात आवाज फारसा जिरत नाही, तरी वाढ तेवढीच मिळते. म्हणून त्याच्यामागचा भाग उगाच उजळ दिसतो. पित्ताशयातल्या खड्यामागे उलट काळी पट्टी पडते. तिथे कितीही वाढवा, पट्टी काळीच राहते. आवाज पलीकडे पोहोचलेलाच नसतो.