न लावलेल्या उसाचं वाचलेलं पाणी

किनवटहून मित्राचा फोन आला. "एक जण आलाय. म्हणतो, बांधावरचा साग तोडू नका, कार्बनचे पैसे मिळतील. खरं असतंय का रे?"

"तू तोडणार होतास का?"

"छे! आजोबानं लावलेला साग. कशाला तोडू?"

सगळी गोम त्या 'छे'मध्ये आहे.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. लाकूड जळलं-कुजलं की दर किलो कार्बनमागे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून तोड थांबवणाऱ्याला पैसे द्यायचे, ही 'रेड प्लस' या आंतरराष्ट्रीय योजनेची कल्पना. 2007च्या बालीतल्या जागतिक हवामान परिषदेपासून तिला आकार आला.  

आता खरी मेख. वाचलं किती, हे मोजायचं तर 'योजना नसती तर किती तुटलं असतं' हे लागतं. ते घडलेलंच नसतं, त्यामुळे कुणालाच दिसत नाही. समजा प्रकल्पवाला म्हणाला, वर्षाला 30 हेक्टर गेलं असतं, गेलं 10. म्हणजे 20 वाचलं, विका क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या कार्बनची पावती! पण तशीच माती, तसाच उतार, रस्ता तेवढाच लांब, असं एखादं 'जुळं' जंगल योजनेबाहेर शोधलं आणि तिथं 12 हेक्टरच गेलेलं निघालं, तर? खरी बचत 2. आपल्याकडं कुणी न लावलेल्या उसाचं पाणी वाचवलं म्हणून अनुदान मागावं, तशातली गत. 2023मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या एका अभ्यासानं सहा देशांतले 26 प्रकल्प अशाच जुळ्यांशी ताडून पाहिले. बहुतेकांनी तोड म्हणावी तशी घटवलीच नव्हती.

म्हणजे धोरणं फुकट? तसंही नाही. 2004मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनात 27,772 चौरस किलोमीटर जंगल गेलं. एका वर्षात जवळपास चार लातूर जिल्हे. मग उपग्रहानं तोड दिसली की पथक जाऊ लागलं, दंड बसू लागले, 2008पासून नियम न पाळणाऱ्या शेतांचं कर्जही अडलं. 2012मध्ये आकडा 4,571वर आला, साधारण एक हिंगोली. पुढं पकड सैल झाली आणि 2021मध्ये तो 13 हजारांवर गेला.

मित्राला म्हटलं, "'तुटलं असतं' हा आकडा कुठून काढणार, तेवढं विचार त्याला."

संध्याकाळी परत फोन. "म्हणतो, तुम्ही सातबारा द्या. आकडा आम्ही टाकतो."