फुटीचं गणित: सात नव्हे, आठ

सप्टेंबर २०२२ मध्ये गोव्यात काँग्रेसच्या ११ आमदारांपैकी ८ जण भाजपमध्ये गेले. त्याआधी जुलै २०१९ मध्ये १५ पैकी १० गेले होते. (२०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. देव कुणाला अपात्र ठरवत नाही.)

हे आकडे योगायोगाचे नाहीत. विधिमंडळ पक्षाच्या, म्हणजे पक्षाच्या सभागृहातल्या आमदारांच्या गटाच्या, किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं मान्य केलं, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार) त्यांची आमदारकी वाचते. १५ चे दोन-तृतीयांश बरोबर १०. ११ चे ७.३३, तुकड्यातला आमदार नसतो, म्हणून ८. सातच जण निघाले असते, तर सातही जण अडकले असते.

१९८५ च्या मूळ कायद्यात एक-तृतीयांश जणांची ‘फूट’सुद्धा चालायची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली. झालं असं की किरकोळ पक्षांतर महागलं आणि घाऊक तेवढं परवडू लागलं. एकटादुकटा आमदार दोन प्रकारे अडकतो: व्हीप (सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडून, किंवा ‘स्वेच्छेने’ पक्ष सोडून. त्यासाठी लेखी राजीनामाच लागतो असं नाही, वागण्यावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रवी नाईक खटल्यात सांगितलं. तो खटलाही गोव्याचाच.

विलीनीकरणात एक मोठा तोटा आहे: जुनं नाव आणि चिन्ह मागेच राहतं. २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी ४० एकनाथ शिंदेंकडे होते. विलीन व्हायला ३७ पुरले असते, पण ते विलीन झाले नाहीत. ‘आम्हीच शिवसेना’ म्हणाले. हा वाद निवडणूक आयोगाकडे जातो, १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या १५ व्या परिच्छेदाखाली. आयोग संघटनेतलं बळही पाहतो, पण तिथले दावे पडताळणं अवघड. आमदार-खासदार मात्र मोजता येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदेंना मिळाला, तो याच मोजणीवर.

व्हीप कुणाचा खरा? मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रतोद, म्हणजे व्हीप काढणारा आमदार, राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे. पण अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडेच राहिला, आणि घटनेत त्याला मुदत नाही. जून २०२२ मध्ये सुरू झालेल्या शिवसेनेच्या प्रकरणाचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला. कुणीच अपात्र ठरलं नाही. खरी गोम इथेच आहे: अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाजूचे असतात, आणि नुसता उशीर झाला तरी सरकार चालत राहतं.

आघाडी जुळवतानाही आकडेच आडवे येतात. महाराष्ट्रात बहुमताला १४५ आमदार लागतात, पण ९१ व्या दुरुस्तीनेच मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली आहे. २८८ चे ते भरतात ४३, मुख्यमंत्री धरून. तीन पक्षांत एवढीच मंत्रिपदं वाटायची म्हटल्यावर उरलेल्या नाराजांसाठी महामंडळं शोधावी लागतात.