गूगलला अडवणं वेगळं, गूगलमधून काढणं वेगळं

समुद्रपूर तालुक्यातल्या एका हळद उत्पादक गटाची वेबसाइट मी सांभाळतो. याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे नाव टाकून शोधणारं गिऱ्हाईक थेट येतं आणि शोधात काय दिसतं याला इथे खरंच किंमत आहे. मार्चमध्ये, हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती तेव्हा, गटाच्या अध्यक्षांचा फोन आला. "भाऊ, मागच्या वर्षीचं भावाचं पान आपण बंद केलं होतं ना? मग पुण्याचे लोक तोच भाव कसा सांगून राहिले?"

मी मोबाइलवर शोधून पाहिलं. पान होतं. खाली नेहमीच्या दोन ओळींच्या वर्णनाऐवजी 'या पानाची माहिती उपलब्ध नाही' अशा अर्थाचं एक वाक्य होतं, पण दुवा शाबूत होता. दाबला की जुना दर समोर.

पान बंद करताना मी दोन गोष्टी एकदम केल्या होत्या. रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये त्या पानापुढे 'डिसअलाऊ' लिहिलं होतं आणि पानाच्या आत 'नोइंडेक्स'ची खूणही टाकली होती. दोन कुलपं लावली की दार जास्त पक्कं, असं वाटलं होतं. पण यातलं पहिलं कुलूप दुसऱ्याला निकामी करतं.

रोबॉट्स डॉट टीएक्सटी म्हणजे वावराच्या धुऱ्यावर लावलेल्या काट्या. गूगलचा बॉट, म्हणजे साइटी वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्रॅम, साइटवर फिरण्याआधी ही फाइल वाचतो आणि जिथे डिसअलाऊ आहे तिकडे पाऊल टाकत नाही. पण काट्या लावल्या म्हणून गावात त्या वावराचं नाव निघायचं थांबतं का? 'त्या धुऱ्यापलीकडे अमक्याचं वावर आहे' हे लोक सांगतच राहतात. इंटरनेटवरही तसंच होतं. दुसऱ्या कुठल्या साइटवर त्या पानाचा दुवा असला, तर आत न जाताही गूगल तो पत्ता आपल्या शोधाच्या यादीत ठेवू शकतं. आत गेलेलं नसल्यामुळे वर्णन मात्र देता येत नाही, म्हणून ते 'माहिती उपलब्ध नाही'. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सोयीत अशा पानांपुढे 'इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबॉट्स डॉट टीएक्सटी', म्हणजे यादीत आहे पण आत जायला मनाई आहे, असा शेरा दिसतो.

नोइंडेक्सचा निरोप वेगळा आहे: आत या, पान बघा, पण यादीत याचं नाव घेऊ नका. हा निरोप पानाच्या आत लिहिलेला असतो. बॉट आत आलाच नाही तर तो वाचणार कोण? आमच्या भावाच्या पानाचं नेमकं हेच झालं होतं. निरोप आत पडून होता आणि धुऱ्यावर काट्या होत्या.

उपाय ऐकायला उलटा वाटतो. मी आधी डिसअलाऊची ओळ काढली आणि नोइंडेक्स तसंच ठेवलं. सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता तपासून गूगलला पुन्हा यायला सांगितलं. रोबॉट्स डॉट टीएक्सटी बदलली तरी तिची जुनी प्रत गूगल साधारण २४ तास वापरत राहू शकतं, आणि त्यानंतरही बॉट पुन्हा फिरकेपर्यंत थांबावं लागतं. फारच घाई असेल तर सर्च कन्सोलमधल्या रिमूव्हल्सच्या सोयीने पान लपवता येतं, पण ते सुमारे सहा महिन्यांपुरतंच. तोपर्यंत नोइंडेक्स नीट बसलेलं हवं.

जुने सल्ले वाचून काम करणाऱ्यांनी एक जपावं. नोइंडेक्स ही ओळ रोबॉट्स डॉट टीएक्सटीतच लिहा, असं काही ठिकाणी अजून सापडतं. गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून ते मानणं बंद केलं आहे. साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्येही शोधयंत्रांना दूर ठेवण्याचा जो चौकोन आहे, तो आधी डिसअलाऊ लावायचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून तो नोइंडेक्स लावतो. साइट बनत असताना तो टिचकवतात आणि सुरू करताना काढायचं राहून जातं. मग सहा महिने "आमची साइट गूगलवर दिसतच नाही" म्हणून लोक हवालदिल होतात. नवीन साइट दिसत नसेल तर सगळ्यात आधी तो चौकोन बघा, बाकीचं नंतर.

दरपत्रक पीडीएफमध्ये असेल तर नोइंडेक्सची खूण टाकायला तिथे जागाच नसते. तेव्हा तोच निरोप फाइलसोबत सर्व्हरकडून पाठवावा लागतो, त्याला एक्स-रोबॉट्स-टॅग म्हणतात, म्हणजे होस्टिंगवाल्याला फोन आलाच.

खरं सांगायचं तर भावाच्या पानाला या दोन्हींची गरजच नव्हती. दरवर्षी नवं पान काढण्याऐवजी एकच पत्ता ठेवून त्यावरचा दर बदलायला हवा होता. वर्षानुवर्षं लोकांनी दिलेले दुवे त्या एकाच पत्त्याला मिळतात आणि शोधात वर यायला तेच उपयोगी पडतं. आता आम्ही तसंच केलं आहे. जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे कायमचं वळण दिलं, म्हणजे ३०१, आणि नोइंडेक्सही काढून टाकलं. पंधरावीस पानांच्या साइटला डिसअलाऊचा फारसा उपयोग नसतोच. हजारो वस्तूंच्या दुकानात रंग, वजन, किंमत अशा गाळण्यांमधून (फिल्टरमधून) लाखो पत्ते तयार होतात, तिथे बॉटची फुकटची पायपीट वाचवायला तो कामाचा.

डिसअलाऊची ओळ काढली त्याच रात्री रोबॉट्स डॉट टीएक्सटी पुन्हा वाचताना मला घाम फुटला. सभासद शेतकऱ्यांची यादी, मोबाइल नंबर आणि बँक खात्यांसकट, एका फोल्डरमध्ये होती आणि त्या फोल्डरचा पत्ता मीच डिसअलाऊपुढे लिहिला होता. रोबॉट्स डॉट टीएक्सटी कुणालाही उघडता येते. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फाइलचं नाव टाकायचा अवकाश. मनात वाईट असलेल्या माणसाला मी वाटच दाखवली होती, आणि काट्या मानणारा फक्त सज्जन बॉट असतो. नोइंडेक्स लावलं असतं तरी पत्ता ठाऊक असलेल्याला यादी उघडतच होती. या कामाला दोन्ही चालत नाहीत. यादी रात्रीच तिथून हलवली. आता ती बघायला पासवर्ड लागतो, आणि तो गटाच्या सचिव ताईंकडे आहे.