कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत

नागपूरच्या फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताचा चांगला फोटो कुणी टाकला की खाली पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एडिट केलाय का?" विचारणाऱ्याच्या मनात निकालही ठरलेला असतो. एडिट केला असेल तर खोटा, नसेल तर खरा. हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धांमध्येही 'फोटो एडिट केलेला नसावा' अशी अट अनेकदा दिसते. अट घालणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक असतो, पण तिच्यामागचा समज चुकीचा आहे. डिजिटल कॅमेऱ्यातून एडिट न झालेला रंगीत फोटो बाहेर पडतच नाही. कारण ज्या सेन्सरवर तो उमटतो, त्याला मुळात रंग कळत नाहीत.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा एक लहानसा तुकडा. त्यावर लाखो, हल्ली तर कोट्यवधी, अतिसूक्ष्म खाने असतात. प्रकाशाचा कण म्हणजे फोटॉन. तो सिलिकॉनमध्ये शोषला गेला की तिथला एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक खान्यात असे इलेक्ट्रॉन साठत जातात आणि मग त्यांची मोजदाद होते. लाल प्रकाशाच्या फोटॉनमुळे एक इलेक्ट्रॉन सुटतो, निळ्याच्या फोटॉनमुळेही एकच. एकदा साठले की कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या रंगामुळे आला हे ओळखायचा काही मार्ग उरत नाही. हातात येतो तो कमी-जास्त उजेडाच्या आकड्यांचा तक्ता, म्हणजेच कृष्णधवल चित्र. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा बनवला, त्याचे फोटोही कृष्णधवलच होते. १०० गुणिले १०० पिक्सेलचं एक चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे.

मग रंग येतो कुठून? या प्रश्नाचं उत्तर मला डिजिटल फोटोग्राफीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ थांबू या.

कोडॅकमधलेच शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये एका युक्तीचं पेटंट मिळालं. त्यांनी प्रत्येक खान्याच्या डोक्यावर रंगीत काचेसारखी एकेक गाळणी बसवली. काही खान्यांवर लाल, काहींवर हिरवी, काहींवर निळी. लाल गाळणीखालच्या खान्यात प्रामुख्याने लाल प्रकाशच पोचतो, त्यामुळे तिथला आकडा म्हणजे त्या जागचा लाल उजेड. शेजारच्या खान्यात हिरवा, लालच्या तिरक्या बाजूला निळा. दोन गुणिले दोनच्या प्रत्येक चौकटीत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा, आणि हीच नक्षी सेन्सरभर पसरलेली. हिरवे दोन का? आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक सर्वात चांगला कळतो तो हिरव्याच्या आसपास, सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला. चित्रातला बारकावा डोळा प्रामुख्याने तिथूनच वाचतो, म्हणून मोजमापही तिथेच जास्त घ्यायचं. आज जवळजवळ प्रत्येक फोनच्या आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हीच नक्षी किंवा तिचा एखादा भाऊबंद बसलेला आहे.

आता हिशोब करून पाहा. १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर १ कोटी २० लाख खाने असतात: ६० लाख हिरवे, ३० लाख लाल, ३० लाख निळे. प्रत्येक खान्याने एकाच रंगाचा आकडा मोजला. पण तयार फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही आकडे लागतात, म्हणजे एकूण ३ कोटी ६० लाख. मोजलेले आहेत १ कोटी २० लाख. उरलेले २ कोटी ४० लाख आकडे, म्हणजे फोटोतल्या रंगांच्या माहितीचा दोन तृतीयांश भाग, कॅमेऱ्यातला प्रोसेसर गणित करून भरतो. ज्याला आपण 'अस्सल, हात न लावलेला' फोटो म्हणतो, त्यातल्या तीनपैकी दोन आकड्यांना प्रकाशाचा प्रत्यक्ष स्पर्शही झालेला नसतो.

हे आकडे भरायची पद्धत म्हणजे शेजाऱ्यांना विचारणं. एका लाल खान्यापाशी हिरवा किती असेल हे जाणून घ्यायचंय. त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चार हिरवे खाने आहेत. त्यांचे आकडे १२०, १२४, ११८ आणि १२२ असतील, तर सरासरी १२१ धरायला हरकत नाही. निरभ्र आकाश किंवा सपाट भिंत असेल तर एवढ्याने भागतं.

खरी परीक्षा कडेवर होते. समजा तो खाना पानाच्या कडेला लागून आहे आणि उजवीकडे लगेच उजळ आकाश सुरू होतं. वरचा शेजारी सांगतो ९०, खालचा ९२, डावीकडचा ८८, पण उजवीकडचा आकाशातला असल्यामुळे सांगतो २००. चौघांची सरासरी निघते ११७.५. हा आकडा पानाचाही नाही, आकाशाचाही नाही, आणि असे आकडे भरले की कड पुसट होते व तिच्यावर भलत्याच रंगाची झालर येते. म्हणून चांगलं गणित आधी दिशा तपासतं. वर-खालचा फरक किती? फक्त २. डाव्या-उजव्याचा? ११२. याचा अर्थ कड उभी जाते आहे. मग आडव्या शेजाऱ्यांना विचारायचंच नाही, फक्त वरच्या आणि खालच्याला विचारायचं. उत्तर येतं ९१, आणि ते पानाला शोभतं. खऱ्या प्रोसेसरमधली गणितं याहून पुष्कळ गुंतागुंतीची असतात. ती तिन्ही रंगांच्या आकड्यांची एकमेकांशी सांगड घालतात, कारण कड असते तिथे साधारणपणे तिन्ही रंग एकदमच बदलतात. पण पाया हाच. तुम्ही बटण दाबल्यापासून फोटो दिसेपर्यंतच्या क्षणभरात हे कोट्यवधी वेळा घडतं.

हे गणित कुठे फसतं हेही पाहण्यासारखं आहे. आपल्या विदर्भातल्या करवतकाठी साडीचा काठ घ्या. त्यावर करवतीच्या दातांसारखी बारीक नक्षी असते. दुरून फोटो काढला आणि एकेक दात सेन्सरच्या एखाद-दुसऱ्या खान्याएवढाच उमटला, तर शेजारी-शेजारी खाने एक उजळ, एक काळा असे येतात. त्यातला उजळ नेमका लाल गाळणीखाली आणि काळा निळ्या गाळणीखाली पडला, तर गणिताला तिथे लाल रंग आहे असंच वाटणार. लग्नाच्या फोटोत काठावर नसलेल्या रंगांच्या लाटा दिसतात त्या यामुळे. याला मॉयरे म्हणतात. नंतर तो काढून टाकणं जिकिरीचं काम असतं, पण फोटो काढताना दोन पावलं पुढे-मागे झालात तर दातांचं आणि खान्यांचं माप जुळेनासं होतं आणि लाटा बऱ्याचदा जातात.

रिकामे आकडे भरल्यावरही काम संपत नाही. दुपारच्या उन्हात आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली एकच पांढरा सदरा सेन्सरला अगदी वेगळा दिसतो, म्हणून लाल आणि निळ्या आकड्यांना कमी-जास्त गुणून पांढरं पांढरं करावं लागतं. हा व्हाइट बॅलन्स. मग उजेड आणि सावलीचं प्रमाण बदलायचं, बारीक दाणेदार ठिपके पुसायचे, कडा धारदार करायच्या, रंग थोडे गडद करायचे. 'एडिट न केलेला' फोटो म्हणजे फोन बनवणाऱ्या कंपनीच्या आवडीने एडिट केलेला फोटो. तुम्ही स्वतः विचार करून तेच काम केलं तर तो खोटा कसा ठरतो?

खोटेपणाची रेघ मात्र नक्की आहे, आणि ती वेगळ्या ठिकाणी आहे. मोजलेल्या प्रकाशातून गणिताने चित्र उभं करणं ही एक गोष्ट, आणि मोजलाच नाही असा तपशील बाहेरून आणून चिकटवणं ही दुसरी. २०२३ मध्ये एका हौशी माणसाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि अंधाऱ्या खोलीत एका महागड्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत चंद्रावरची विवरं दिसली, जी पडद्यावरच्या चित्रात नव्हतीच. जाहिरातीत याला 'एआय झूम' म्हणा किंवा आणखी काही, तो चंद्र त्या भिंगातून आलेला नाही.

रात्रीच्या फोटोत दिसणारे धुरकट पांढरे गोळेही असेच गैरसमजाचे बळी आहेत. मंदिराच्या आवारात किंवा घरी श्राद्धाच्या दिवशी काढलेल्या फोटोत ते दिसले की 'दिव्य शक्ती' आणि 'पूर्वजांचा आत्मा' असे संदेश फिरू लागतात. फोनचा फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो. भिंगासमोर काही सेंटिमीटरवर धुळीचा कण किंवा पावसाचा थेंब असला की तो फ्लॅशने झगमगतो, पण फोकसच्या फार अलीकडे असल्याने पसरून गोळा दिसतो. अंधारात चादर झटका, फ्लॅश लावून फोटो काढा. हवे तेवढे आत्मे मिळतील. लोकांच्या दुःखाचा असा वापर होतो तेव्हा हा पाच मिनिटांचा प्रयोग घरोघरी करून दाखवायला हवा.

आता हौशी माणसाच्या कामाचं. एडिटिंगने उजेड आणि रंगातलं जवळजवळ सगळं सुधारता येतं, फक्त एक गोष्ट नाही: भरून सांडलेला उजेड. प्रत्येक खान्याची इलेक्ट्रॉन साठवायची मर्यादा असते. ती संपली की पुढे कितीही प्रकाश आला तरी आकडा हलत नाही. नागपुरात हे शिकायला संत्र्याहून चांगलं साधन नाही. सोयीसाठी २५५ ही कमाल मर्यादा धरू. उन्हातल्या संत्र्याच्या सालीचे आकडे समजा लाल २२०, हिरवा १२०, निळा २० असे आहेत. हाच नारिंगी. आता एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू दिलेला एकूण प्रकाश, दुप्पट झालं. व्हायला हवेत ४४०, २४०, ४०. पण लाल २५५ ला अडकतो, हिरवा मात्र २४० पर्यंत चढतो. २५५, २४०, ४० म्हणजे पिवळा! साल लिंबासारखी दिसू लागते आणि तिच्यावरची बारीक छिद्रंही सपाट होतात, कारण ती दाखवणारा लालमधला चढउतार नाहीसा झाला. फुटाळ्याच्या सूर्याभोवती नारिंगी आभाळात जे पिवळं कडं दिसतं, त्यात बऱ्याचदा हेच घडलेलं असतं. फोन त्या जागी लाल सांडवून बसलेला असतो. अडकलेला लाल मुळात ३०० होता की ६००, हे कोणतंही ॲप नंतर सांगू शकत नाही.

उपाय सोपा आहे. पडद्यावर सूर्याजवळच्या आभाळाला बोट लावा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. समोरचं पाणी आणि झाडं काळपट दिसतील, दिसू द्या. अंधारातला तपशील नंतर वर काढता येतो. फोनमध्ये हिस्टोग्रामची, म्हणजे काळ्यापासून उजळापर्यंत कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाची, सोय असेल तर आलेख उजव्या भिंतीला टेकत नाही ना, एवढं पाहा, आणि शक्य असेल तर तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पाहा. एकत्र आलेख अनेकदा सगळं ठीक असल्याचं दाखवतो आणि लाल एकटाच भिंतीला चिकटलेला असतो.

याच्या उलटही होतं. दृश्य सरासरीने मध्यम करडं असतं, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत फेकतं, असं कॅमेरा धरून चालतो. दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप चौकटभर घेतला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो स्तूप मळकट करून ठेवतो. नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिच्यातली काळी मारबत चौकटभर घ्या, ती राखाडी होते. पिवळीला फारसं काही होत नाही. म्हणून स्तूपासाठी एक्स्पोजर थोडं वर आणि काळ्या मारबतीसाठी खाली, हे स्वतः ठरवायचं. नवे फोन दृश्य ओळखून यातलं थोडं आपोआप सुधारतात, सगळं नाही.

अंधार वर काढायचा तर फोटो रॉ स्वरूपात साठवणं फायद्याचं, कारण रॉमध्ये सेन्सरचे मूळ आकडे असतात. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये, म्हणजे फोनच्या नेहमीच्या फोटो-फाइलीत, प्रत्येक रंगाला २५६. पण त्या १६,३८४ ची वाटणी समान नसते. सेन्सर सरळ मोजतो, त्यामुळे दृश्यातल्या सर्वात उजळ टप्प्याला, म्हणजे कमाल उजेडापासून त्याच्या निम्म्यापर्यंत, ८,१९२ पायऱ्या मिळतात. पुढच्या निम्म्याला ४,०९६, मग २,०४८, आणि असं करत आठव्या, गडद सावलीतल्या टप्प्याला फक्त ६४. शिवाय फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. १०,००० फोटॉन मोजले तर वर्गमुळाएवढी, म्हणजे १०० ची, चढउतार असते, १ टक्का. १०० च मोजले तर १० ची, १० टक्के. सावली उजळली की दिसणारे ठिपके प्रामुख्याने हेच. त्यामुळे उजेड सांडू न देता जेवढा जास्त घेता येईल तेवढा घ्यावा. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. सेन्सर गरम झाला की प्रकाश नसतानाही काही इलेक्ट्रॉन आपोआप सुटतात, आणि तापमान दर ६ ते ८ अंशांनी चढलं की हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. मे महिन्यात रात्री गच्चीवरून ताऱ्यांचा लांब एक्स्पोजर घेणाऱ्यांना याचा त्रास होतो. तोच फोटो डिसेंबरात जास्त स्वच्छ येतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका तेही याचसाठी. २०० मेगापिक्सेलचे फोन एरवी १६ खाने एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतात, कारण एवढ्याशा खान्यात पुरेसे फोटॉन मावतही नाहीत आणि येतही नाहीत.

एडिटिंगसाठी फोनवर स्नॅपसीड, संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी पुरेसे आहेत, तिन्ही फुकट. आधी व्हाइट बॅलन्स, कारण त्याने रंगांचे आकडेच बदलतात आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. मग एकूण उजेड, मग उजळ भाग खाली आणि सावल्या वर, मग रंग. रंगांची पट्टी शेवटपर्यंत ओढायचा मोह होतो. तिथेही लाल तसाच सांडतो, हे संत्रं आठवून थांबा. धार सर्वात शेवटी द्या. धार देणं म्हणजे कडेच्या उजळ बाजूला थोडं आणखी उजळ आणि काळ्या बाजूला आणखी काळं करणं. ती जास्त झाली की झाडांभोवती पांढरी रेघ दिसते. मूळ फाइल कधीही पुसू नका, आणि जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठवू नका. बदल करून साठवताना दरवेळी ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकटींतला थोडा बारकावा टाकून दिला जातो. व्हॉट्सॲपवर कुणाला छापण्यासाठी पाठवायचा असेल, तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.