लाईट गेली की कार्डवाला दरवाजा लॉक होतो?

'आग लागून लाईट गेली की ऑफिसचे कार्डवाले दरवाजे लॉक होतात, माणसं आत अडकतात' असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिक आहे, पण काचेच्या दाराच्या चौकटीवर जी चपटी धातूची पट्टी दिसते ना, ते इलेक्ट्रोमॅग्नेट असतं, बहुतेक 12 किंवा 24 व्होल्टवर चालणारं, आणि ते करंट आहे तोवरच दार धरून ठेवतं. करंट गेला की चुंबकच उरत नाही, दार ढकललं की उघडतं.

आता खरी गोम बॅटरी बॅकअपची. मेन लाईट गेली तरी बॅटरीवर लॉक चालूच राहतो, म्हणून फायर अलार्म वाजला की लॉकची सप्लाय आपोआप तुटावी अशी वायरिंग लागते. शिवाय दाराजवळ हिरवा इमर्जन्सी डबा हवा, तो दाबला की लॉक सुटतो. काही लॉक वेगळे असतात, लाईट गेली तरी बाहेरून बंदच राहतात, पण तिथेही आतून हँडलने दार उघडायला हवं.

तपासायचं तर पुढच्या मॉक ड्रिलला अलार्म वाजल्यावर कार्ड न लावता दार ढकलून बघा, नाही उघडलं तर बिल्डिंग मॅनेजरला लेखी कळवा. आणि हो, तो हिरवा डबा कुंडीमागे लपलेला नाही ना तेही बघा, बऱ्याच ठिकाणी असतो.